गोळा बाहेर आहे

"गोळा बाहेर आहे," केबिनवाले म्हणाले.

हे म्हणताना त्यांनी डोळे उघडले नाहीत. नाकातली नळी सारखी केली आणि पलंगाशेजारच्या स्टुलावरच्या स्टीलच्या वाटीकडे नुसतं बोट दाखवलं. वाटी रिकामी होती.

मावशी दारात उभ्या होत्या. हातात एक काळी पँट, उलटी केलेली, पायांची दुमड नुकतीच टाचलेली. ती मागच्या गल्लीतल्या मास्तरांची होती. मास्तरांना तासाभरात एका समारंभाला जायचं होतं आणि ते बाहेरच्या खोलीत मावशींनी दिलेल्या चट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात, कुणी ओळखीचं येऊ नये अशी प्रार्थना करत बसले होते. पँटीवर फक्त इस्त्री फिरायची राहिली होती.

"दोन मिनिटांचं काम आहे हो," मावशी म्हणाल्या.

"दोन मिनिटं काय आणि दोन तास काय. लाईनवर गाडी आहे."

केबिनवाल्यांनी आयुष्यभर आडबाजूच्या एका स्टेशनात सिग्नलच्या केबिनमध्ये नोकरी केली होती, म्हणून गल्लीत त्यांना सगळे केबिनवालेच म्हणत. त्यांच्या स्टेशनावरून एकच रूळ जायचा. येणारी गाडी त्यावरूनच आणि जाणारीही त्यावरूनच. दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून तिथे एक धातूचा गोळा असायचा. ज्या ड्रायव्हरच्या हातात गोळा, त्याने पुढे जायचं. गोळा परत येऊन यंत्रात पडेपर्यंत बाकीच्यांनी जागेवरून हलायचं नाही, मग गाडीत कोणीही साहेब बसलेला असो. केबिनवाल्यांच्या हातून असे किती गोळे गेले आणि आले, पण दोन गाड्या एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. याचा त्यांना अभिमान होता, आणि तो ते लपवायचा प्रयत्नही करत नसत.

आता त्यांची फुप्फुसं कामातून गेली होती. पलंगाशी ऑक्सिजनचं मशीन अहोरात्र घरघरत असायचं, आणि त्या घरघरीवर त्यांचा श्वास चालायचा. घराला वीज पुरवणारी तार जुनी आणि बारीक. गिझर, इस्त्री, पाण्याचा पंप आणि वरच्या भाडेकरणीची विजेवरची गाडी ही चार खादाड मंडळी. यातली कुठलीही दोन एकदम जेवायला बसली की दारामागचा मेन स्विच पडायचा, आणि मेन पडला की मशीनही बंद. म्हणून या घरात एकच रूळ आहे असं केबिनवाल्यांनी ठरवून टाकलं होतं. पलंगाच्या पायथ्याशी दोन दांड्यांवर दोन पितळी गोळे होते. त्यातल्या एकाचे आटे झिजले होते. तो काढून त्यांनी वाटीत ठेवायला लावला. ज्याच्या हातात गोळा, त्याने वीज वापरायची.

मावशींना हे सगळं मान्य करण्यावाचून गत्यंतर नव्हतं, पण मान्य करणं वेगळं आणि आवडणं वेगळं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या अंघोळीचं पाणी तापवायला नवऱ्याकडे परवाना मागायचा! "पडल्या पडल्या उंटावरून शेळ्या हाकतात," असं त्या शेजारणीला सांगायच्या. सांगताना हसायच्या, कारण गोळा येण्यापूर्वीचा तो दिवस त्या विसरल्या नव्हत्या.

त्या दिवशी भाडेकरीण राहायला येऊन एखादा आठवडा झाला होता. ती शाळाशाळांतून मुलांचे डोळे तपासत फिरायची, त्यासाठी तिला कामावरून ही छोटी गाडी मिळाली होती. खोली बघायला आली तेव्हाच तिने सांगितलं होतं, मावशी, माझी गाडी विजेवरची आहे, अंगणात लावावी लागेल. मावशींना वाटलं, मोबाईल लावतात तसंच असणार काहीतरी. त्या म्हणाल्या, लाव की, त्यात काय एवढं. घरात मूलबाळ नव्हतं, वरची खोली रिकामी राहिली की घर खायला उठायचं, आणि मुलगी बोलायला गोड होती. विजेचा हिशेब कोण कशाला करतोय?

मग एका दुपारी मावशी न्हाणीघरात, गिझर चालू, डोक्याला साबण, आणि अंगणात त्या मुलीने कपडे धुण्याच्या मशीनच्या प्लगमध्ये गाडीची वायर खोचली. अंधार झाला. अंधाराचं काही नाही, पण घरघर थांबली. ती शांतता मावशींना इतकी मोठी ऐकू आली की त्या टॉवेल गुंडाळून तशाच धावल्या. मशीन बंद पडलं तर लावायला एक सिलिंडर कोपऱ्यात उभा असायचा, पण तो उघडायची किल्ली सापडेना. केबिनवाले उठून बसले होते, दोन्ही हातांनी पलंगाची कड धरून, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखे. त्यांचे ओठ निळे पडत चालले होते. किल्ली शिवणाच्या डब्यात बटणांखाली निघाली. तेवढ्यात वरून मुलगी धावत आली आणि तिनेच मेन उचलला.

श्वास परत आल्यावर मावशी त्या मुलीवर जे तुटून पडल्या ते ऐकायला गल्ली गोळा झाली. आजच्या आज खोली खाली कर, म्हणाल्या. मुलगी नुसती रडत उभी राहिली. तेव्हा पलंगावरून केबिनवाल्यांनी हात वर केला.

"तिला कशाला बोलतेस," ते एकेक शब्द मोजून म्हणाले. "सिग्नलच नव्हता तर ड्रायव्हरची काय चूक?"

त्या दिवसापासून ती ड्रायव्हर झाली आणि पलंगाच्या एका दांडीचं डोकं भुंडं झालं.

मग रोजचं ठरून गेलं. ड्रायव्हर दुपारची कामं आटपून यायची, गाडी अंगणात उभी करायची आणि हातपाय धुऊन केबिनवाल्यांच्या खोलीत यायची. "काका, गोळा द्या." ते विचारायचे, "कुठपर्यंत?" ती म्हणायची, "जेवणापर्यंत." मग ते वाटीतला गोळा उचलून तिच्या हातात ठेवायचे. तो नुसता उचलून नेलेला त्यांना चालायचा नाही, हातातूनच हातात गेला पाहिजे. रात्री जेवणाच्या वेळी ती वायर काढून परत यायची आणि गोळा वाटीत टाकायची. टण्ण असा आवाज व्हायचा. "लाईन मोकळी," केबिनवाले म्हणायचे, आणि मग मान उशीला टेकायची. तो आवाज ऐकल्याशिवाय ते झोपत नसत. गोळा बाहेर असताना माणसाने ड्युटीवरून उठायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं.

वीज खात्यात जाड तारेसाठी अर्ज दिलेला होता. तिकडून दर वेळी एकच उत्तर यायचं, तुमचं नाव रांगेत आहे.

खरं सांगायचं तर ती तार येऊ नये असं केबिनवाल्यांना वाटत असणार. कारण गोळा आल्यापासून माणूस बदलला होता. त्याआधी कित्येक महिने ते भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. दाढी करू द्यायचे नाहीत, शर्ट बदलू द्यायचे नाहीत. कुणासाठी बदलायचा, म्हणायचे. आता दुपार कलली की ते मावशींकडे कंगवा मागायचे. कॉलरचा शर्ट मागायचे. ड्रायव्हरला यायला उशीर झाला तर गाडी लेट आहे म्हणून कुरकुरायचे, आणि ती आली की तिला शाळेतल्या मुलांबद्दल विचारायचे. कोणाला फळा दिसत नाही, कोण चष्मा नको म्हणून अक्षरं पाठ करून येतो. तिच्या गोष्टींना ते हसायचे. हसताना खोकला यायचा, खोकून झालं की परत हसायचे.

मावशी बाहेरच्या खोलीत शिवणयंत्रावर बसून हे ऐकायच्या. त्यांच्याशी बोलताना केबिनवाल्यांना श्वास पुरत नसे. पाणी. नको. खिडकी. एवढ्यावर दिवस भागायचा. आणि या मुलीसाठी एवढा श्वास कुठून येतो? मावशींना स्वतःचीच लाज वाटायची. त्या मुलीच्या वयाची मुलगी त्यांना असू शकली असती, तिचा कसला मत्सर करायचा? पण मत्सर होता, आणि तो त्यांनी सांगावा असं माणूस घरात एकच होतं, आणि तेच पलंगावर होतं.

मध्यंतरी डॉक्टर येऊन गेले. जुनं मशीन पुरत नाही म्हणाले, मोठं आणावं लागेल. अंगणात चपला घालता घालता त्यांनी मावशींना सांगितलं की आता मशीन मिनिटभरही बंद पडून चालणार नाही, जपा. ड्रायव्हर तिथेच वायरचा गुंता सोडवत बसली होती. तिने मान वर केली नाही.

तर मास्तरांची पँट त्यानंतरची.

"लाईनवर गाडी आहे," हे ऐकून मावशी मागे फिरल्या खऱ्या, पण त्या दिवशी त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. थोड्याच वेळापूर्वी आतून दोघांच्या हसण्याचा आवाज आला होता, आणि त्यांच्या वाट्याला डोळे मिटून दाखवलेलं बोट. मास्तर तिकडे घड्याळाकडे बघत होते. मावशी स्वयंपाकघरात गेल्या, दार लोटून घेतलं आणि इस्त्री प्लगला लावली. मग काय केलं हे लक्षात येऊन त्यांनी खुंटीवरची सिलिंडरची किल्ली ओढून घेतली. एका हातात इस्त्री, दुसऱ्या हातात किल्ली, कान मशीनच्या घरघरीकडे. मेन पडला तर पळायचं होतं. एवढी भीती वाटत होती तर इस्त्री काढावी ना? ती त्यांनी काढली नाही. रागावलेलं माणूस किती आंधळं होतं ते त्यांना त्यानंतर कितीतरी दिवस आठवत राहिलं.

इस्त्री तापली. पँटीचा एक पाय झाला, दुसरा झाला. मेन पडला नाही.

घरघर चालूच होती. मावशींनी इस्त्री बंद केली, पँट मास्तरांच्या अंगावर टाकली आणि मागच्या दाराने अंगणात आल्या. गाडी उभी होती. वायर गाडीतून निघून फरशीवरून भिंतीपर्यंत गेली होती, नेहमीसारखी. पण भिंतीशी पाण्याची बादली ठेवलेली होती, आणि बादलीच्या मागे वायरचं टोक जमिनीवर नुसतं पडलं होतं. प्लग मोकळा होता.

ड्रायव्हर जिन्याच्या पायरीवर बसली होती. मांडीवर पितळी गोळा. मावशींना बघून ती उभी राहिली.

"मावशी, काकांना सांगू नका."

मग तिने हळूहळू सांगितलं. डॉक्टर बोलले ते तिने ऐकलं होतं. त्या दिवसापासून इथे वायर लावायचा तिला धीर होईना. न जाणो, कुणाचा हात चुकून कुठल्या बटणावर पडला तर? त्यामुळे ती बाजाराच्या टोकाला जिथे गाड्या भरून देतात तिथे रांगेत थांबायची, दुपारचं जेवण गाडीत बसून जेवायची, आणि भरलेली गाडी घेऊन घरी यायची.

"मग गोळा कशाला नेतेस?" मावशींनी विचारलं.

"ते वाट बघत असतात," ती म्हणाली.

मावशींना आधी राग आला. आपल्या नवऱ्याला कोणी फसवतंय याचा आला, की आपल्याला हे सुचलं नाही याचा, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मग त्या खाली वाकल्या, आणि बादली जरा पुढे सरकवली, म्हणजे खिडकीतून कोणी बघितलं तरी वायरचं टोक दिसू नये.

त्यानंतर मावशीही त्या खेळात शिरल्या. पाणी तापवायचं झालं की खोलीत जाऊन नीट उभ्या राहायच्या, गोळा द्या म्हणायच्या. कुठपर्यंत विचारलं की अंघोळीपर्यंत, असं शहाण्या मुलासारखं उत्तर द्यायच्या. गोळा बाहेर असला तर इस्त्रीचे कपडे दुसऱ्या दिवसावर टाकायच्या आणि गिऱ्हाइकांची बोलणी खायच्या. घरातली वीज एका नसलेल्या गाडीसाठी राखून ठेवलेली होती आणि ते माहीत असलेल्या दोन बायका एकमेकींकडे बघायचं टाळत होत्या.

केबिनवाल्यांची तब्येत उतरत गेली. शर्टाची बटणं लावताना मावशींच्या हाताला नुसत्या बरगड्या लागायच्या. तरी कंगवा मागणं चालू होतं. एका संध्याकाळी ड्रायव्हर गोळा घेऊन गेल्यावर मावशी त्यांचे पाय चेपत बसल्या होत्या. ते छताकडे बघत होते. बराच वेळ बघून ते म्हणाले, "हा दिवा हल्ली मंद होत नाही."

मावशींचे हात थांबले.

"पूर्वी तिने गाडी लावली की मंद व्हायचा. जरासाच. आता होत नाही." त्यांनी श्वास घेतला. "आणि तू त्या मास्तराच्या पँटीला इस्त्री केलीस. वास आला होता मला."

मावशींना रडू फुटलं. चुकले मी, त्या म्हणाल्या, डोकं फिरलं होतं माझं. केबिनवाल्यांनी मान हलवली. ते त्यांना महत्त्वाचं वाटत नव्हतं.

"तिला सांगू नकोस मला कळलंय ते. पोर उन्हात तापत कुठेतरी थांबत असेल माझ्यासाठी."

"मग तुम्ही तरी कशाला गोळा देता रोज?"

"रिकामी गाडी पण सोडावी लागते गं कधीकधी. नाहीतर रुळाला गंज चढतो."

एवढं बोलून ते दमले. मशीन घरघरत होतं. मावशींना वाटलं आता झोपतील, पण गोळा बाहेर होता, झोपणार कसे? मग मावशींनी इतके दिवस गिळलेलं विचारलंच. तिच्याशी बोलताना बरा श्वास पुरतो तुम्हाला. माझ्या वेळीच कसा संपतो?

केबिनवाल्यांनी डोकं त्यांच्याकडे वळवलं. लग्न झालं तेव्हा बघायचे तसं सरळ बघितलं.

"तिच्यासमोर मी ड्युटीवर असतो. तुझ्यासमोर घरी," ते म्हणाले. "घरी आलेलं माणूस बोलतं का फार?"

खरंच, ते कधी बोलले नव्हते. पाळी संपवून यायचे, डबा मोरीत ठेवायचे, या पलंगावर बसून चपला काढायचे आणि मावशी काय सांगतील ते ऐकत राहायचे. मावशींनी त्यांचे पाय परत मांडीवर घेतले आणि शेजारणीची, सुताच्या वाढलेल्या भावाची, मास्तरांच्या पायजम्याची सगळी हकिगत सांगायला सुरुवात केली. ते ऐकत होते. जेवणाच्या वेळी वाटीत टण्ण झालं, आणि लाईन मोकळी म्हणायचं काम त्या दिवशी नुसत्या ओठांनी झालं.

ते गेले त्या दिवशीही ड्रायव्हर वेळेवर आली होती. "काका, गोळा द्या," ती म्हणाली. त्यांची बोटं वाटीपर्यंत गेली पण गोळा उचलला जाईना. ती मदतीला पुढे झाली तेव्हा त्यांनी मानेनेच नको म्हटलं. दोन्ही हात लावून त्यांनी तो उचलला आणि तिच्या ओंजळीत ठेवला.

"कुठपर्यंत?" हे ऐकू येण्यासाठी तिला खाली वाकावं लागलं.

"जेवणापर्यंत, काका."

ती गेली. मावशी पलंगाशी बसून एका फ्रॉकची शिवण उसवत होत्या. बाहेर मुलं सायकली फिरवत होती. शिवण अर्धी उसवली असेल, त्यांनी वर बघितलं, आणि बघता क्षणीच त्यांना कळलं. मशीन चालू होतं. नळी जागेवर होती. हवा येत होती आणि ती घेणारं कोणी नव्हतं.

त्यांनी कोणाला हाक मारली नाही. फ्रॉक बाजूला ठेवला, त्यांचा हात हातात घेतला आणि बसून राहिल्या. इतकी वर्षं त्या म्हणायच्या, तुमच्या आधी मी जाणार, आणि ते म्हणायचे, जा, पण सिग्नल बघून जा. आता कोणाशी भांडायचं होतं?

जेवणाच्या वेळी ड्रायव्हर दारात आली. हात पुढे केलेला, तळहातावर गोळा. तिने मावशींकडे बघितलं, पलंगाकडे बघितलं, आणि तिची मूठ आपोआप मिटली.

"मशीन बंद करू?" तिने विचारलं.

"राहू दे जरा वेळ," मावशी म्हणाल्या.

माणसं आली, बसली, गेली. दोन कामगार येऊन मशीन घेऊन गेले. त्यातल्या एकाने लांबलचक नळी कोपर आणि अंगठ्यावर लोकरीसारखी गुंडाळून घेतली. मशीन होतं तिथे फरशीवर एक स्वच्छ चौकोन उरला. मावशींना घरात झोप येईना. आवाज फार नाही, शांतता फार, असं त्या शेजारणीला म्हणाल्या, आणि या वेळी हसल्या नाहीत.

आणि मग वरातीमागून घोडं आलं. एका सकाळी वीज खात्याची शिडी दारात लागली. दोन माणसांनी खांबापासून जाड काळी तार ओढली, मीटर बदललं, मेन स्विच बदलला. तुमचा नंबर लागला बघा, मावशी, त्यातला मोठा म्हणाला. आता सगळं घर एकदम लावा, काही पडायचं नाही.

मावशींनी त्यांना चहा दिला. शिडी गेल्यावर त्या न्हाणीघरात गेल्या आणि गिझर लावला. स्वयंपाकघरात इस्त्री लावली. पंप सुरू केला. ड्रायव्हरला त्या दिवशी सुट्टी होती, गाडी अंगणात होती. वायर अजून तशीच बादलीमागे पडलेली. मावशींनी बादली उचलून बाजूला ठेवली, वायरचं टोक भिंतीत खोचलं आणि बटण दाबलं. मग केबिनवाल्यांच्या खोलीत येऊन दिवा लावला आणि पलंगावर बसल्या.

दिवा लखलखीत जळत होता. पंपाचा आवाज येत होता, गिझरमधलं पाणी गुणगुणत होतं. सगळ्या गाड्या एकाच रुळावर धावत होत्या आणि कुठे काही होत नव्हतं. मावशी मेन पडायची वाट बघत होत्या. तो पडावा असं त्यांना मनापासून वाटत होतं. पडला असता तर किल्ली शोधायला धावता आलं असतं.

"पड की रे," त्या दिव्याकडे बघून म्हणाल्या. तो ढिम्म हलला नाही. घरात आता विजेला काही तोटा नव्हता. तेव्हा मावशी पलंगाची भुंडी दांडी धरून मोठ्याने रडल्या, माणसं जमलेली असताना रडता आलं नव्हतं तेवढं.

ड्रायव्हर पळतच खाली आली. तिने आधी पंप बंद केला, मग इस्त्री, मग गिझर, सगळ्यात शेवटी जाऊन गाडीची वायर काढली. मग येऊन मावशींच्या शेजारी बसली. शेवटी तिने खिशातून गोळा काढला.

"हा परत करायचा राहून गेला, मावशी. मला धीरच होईना. वाटीत टाकू?"

मावशींनी स्टुलावरच्या वाटीकडे बघितलं. ती त्यांनी रोज घासून परत तिथेच ठेवली होती.

"नको," त्या म्हणाल्या. "वाटीत टाकलास की त्यांची ड्युटी संपली. तुझ्यापाशी राहू दे."

ड्रायव्हरने गोळा परत खिशात ठेवला. त्या दिवशी तिने मावशींना जेवायला लावलं आणि ताट उचलूनच वर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीघरात गेल्या. बटणापर्यंत हात गेला आणि थांबला. त्या बाहेर आल्या. गुडघे दुखत होते, तरी कठड्याला धरून एकेक पायरी करत जिना चढल्या आणि ड्रायव्हरचं दार वाजवलं. ती दात घासता घासता दारात आली.

"गोळा दे गं," मावशी म्हणाल्या. "पाणी तापवायचंय."

ती आत जाऊन तोंड धुऊन आली. उशीखालचा गोळा काढला. दारात मावशींच्या समोर नीट उभी राहिली.

"कुठपर्यंत?"

"अंघोळीपर्यंत."

तिने गोळा त्यांच्या हातात ठेवला. मावशी तो मुठीत धरून जिना उतरल्या, केबिनवाल्यांच्या खोलीतल्या रिकाम्या वाटीपाशी न थांबता पुढे गेल्या आणि मग गिझर लावला.